जग्वार दिसला नाही

स्प्रिंग ब्रेकच्या आठवड्यात लेकीच्या शाळेची सहल कोस्टारिकाला निघाली. सोबत जाणाऱ्या पालकांत मीही होते. न्यू जर्सीत मार्चअखेरपर्यंत झाडांना पालवी नसते. पहाटे जाकिटं घालून निघालेली नववीतली चौदा मुलं संध्याकाळी सारापिकीच्या खोऱ्यात, नदीकाठच्या एका लॉजच्या व्हरांड्यात घामाघूम होऊन उभी होती. वर पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, ''जग्वार दिसेल ना?''

हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा. ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपण दुसरं काय विचारतो? वाघ दिसला का? नाही म्हणाला की आपण हळहळतो आणि विषय तिथेच संपतो. तीन दिवस तो माणूस जंगलात होता, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल असं आपल्याला वाटतच नाही.

आमचा वाटाड्या तिथलाच होता. त्याच्या वडिलांनी याच भागात जंगल तोडून गुरांसाठी कुरणं केली होती. झाडं काढून साफ केलेली जमीन म्हणजे सुधारलेली जमीन, असा त्या काळचा हिशेब. मुलांचा प्रश्न ऐकून तो म्हणाला, ''जग्वार आहे इथे. पण तो दिसणं त्याच्या मर्जीवर. उद्या मी तुम्हाला बेडूक दाखवतो.'' मुलांचे चेहरे पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायवाटेवर मुलं भराभर चालत होती, दुकानात शिरल्यासारखी. टुकान झाला, स्लॉथ झाला, पुढे काय? तासाभराने वाटाड्याने सगळ्यांना एका मोठ्या झाडाच्या मुळांपाशी बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं फार जड गेली. मग पालापाचोळ्यात काहीतरी लाल हललं.

अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा बेडूक. अंग लालभडक, पाय निळे. त्यामुळे त्याला तिथे 'ब्लू जीन्स' म्हणतात. ती मादी होती आणि तिच्या पाठीवर काळसर, ओला ठिपका चिकटलेला होता. तो तिचा बेडूकमासा. ती झाडाच्या खोडावरून वर चढत होती. चार उड्या, मग थांबा. पुन्हा चार उड्या. खोडावर ब्रोमेलियाड उगवलेलं होतं. अननसाच्या कुळातली ही झाडं दुसऱ्या झाडाच्या अंगावर राहतात आणि त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचं पाणी साठतं. मादी त्या वाटीभरसुद्धा नसलेल्या पाण्यात पाठीमागून उतरली आणि थोड्या वेळाने रिकाम्या पाठीने बाहेर आली.

वाटाड्या हळू आवाजात सांगत होता. अंडी खाली पाचोळ्यात असतात, ती ओली ठेवण्याचं काम बापाचं. पिल्लं बाहेर आली की आई त्यांना वर नेते आणि प्रत्येकाला वेगळ्या पाण्यात सोडते. मग दर थोड्या दिवसांनी प्रत्येकाकडे जाते. पिल्लू अंग ताठ करून थरथरतं, म्हणजे मी इथे आहे, भुकेला आहे. तेव्हा ती त्या पाण्यात न फळलेलं अंडं घालते. पिल्लाचं अन्न तेवढंच. हे दीड महिन्याच्या आसपास चालतं.

सकाळपासून सर्वांत जास्त कुरकुर करणारा मुलगा म्हणाला, ''आणि ती एखाद्याला विसरली तर?''

''तर ते मरतं.''

कोणी काही बोललं नाही. वाटाड्याने पुढचं सांगितलं तेही मी विसरले नाही. या बेडकाच्या कातडीत विष असतं, पण ते त्याला रानातल्या बारीक कोळीकिड्यांतून आणि मुंग्यांतून मिळतं. काचेच्या पेटीत जन्मलेला, फळमाश्यांवर वाढलेला हाच बेडूक विषारी नसतो. जंगल काढून घेतलं की त्याच्यापाशी नुसता रंग उरतो.

त्या रात्री जेवणानंतर शिक्षिकेने मुलांना स्वीडनमधल्या एका खेडेगावच्या शाळेची गोष्ट सांगितली. 1987 साली तिथल्या लहान मुलांनी वर्गात ऐकलं की पावसाळी जंगलं तोडली जाताहेत. एका मुलाने विचारलं, आपल्याला काही करता येईल का? मुलांनी पैसे जमवून कोस्टारिकातल्या मोंटेवेर्देच्या जंगलाचा तुकडा विकत घेतला. ही गोष्ट पसरत गेली आणि 44 देशांतल्या मुलांनी हातभार लावला. आज ते 'मुलांचं चिरंतन अरण्य' 22,000 हेक्टरांहून मोठं आहे, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीपेक्षा जास्त. सुरुवात करणाऱ्या त्या मुलांनी हे जंगल पाहिलंही नव्हतं. काही दिसेल म्हणून त्यांनी पैसे दिले नव्हते. ते असावं, एवढ्यासाठी दिले होते.

मला तेव्हापासून ही गोष्ट सोडत नाही. आपण मुलांना जंगलात नेतो तेही प्राणी दाखवायला. दाखवणं जमलं नाही तर सहल फुकट गेली असं आपल्याला वाटतं, आणि मुलं ते आपल्याकडूनच शिकतात. तसं बघायला गेलं तर त्या सकाळी आम्हाला काय दिसलं? दोन सेंटिमीटरचा जीव आणि त्याची एक खेप. पण पुढचे तीन दिवस आमची मुलं ब्रोमेलियाड दिसलं की थांबत होती, टाचा उंचावून पाण्यात डोकावत होती आणि मागच्याला हाताने थांब म्हणून खुणावत होती.

परतल्यावर माझ्या आईने पुण्याहून फोनवर पहिला प्रश्न विचारला तो जग्वारचाच. लेकीने तिला पाऊण तास बेडकाचं सांगितलं. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ''मग आपल्या आंबोलीचे कधी बघणार?''

खरंच आहे. आंबोलीच्या परिसरात सापडणारा तिथला छोटा टोड शास्त्रज्ञांनी वेगळी जात म्हणून नोंदवला तो 2009 साली. पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर बोटभर पाणी साठतं, त्यात तो अंडी घालतो. ते पाणी आटायच्या आत त्याच्या पिल्लांना मोठं व्हायचं असतं. पुढच्या जूनमध्ये आम्ही जाणार आहोत. तुम्हीही धबधबा बघायला आंबोलीला जाल, तेव्हा रात्री घाटात गाडी हळू चालवा. पावसात रस्त्यावर बेडूक आलेले असतात.