विद्येचा रंग

सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या बिऱ्हाडी येलहंक्यास येऊन आम्हांस आता चौथे वर्ष चालू आहे. बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस कोणतेच गाव परके वाटत नाही आणि कोणतेच पुरतेपणी आपलेही वाटत नाही, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. सकाळी तळ्याकाठी एक फेरी, दिवसा विमानदलाच्या तळावरून उठणाऱ्या विमानांचा घरघराट, आणि संध्याकाळी शेजारच्या एका मराठी अधिकाऱ्याच्या दहा वर्षांच्या कन्येशी गप्पा, असा आमचा दिनक्रम आहे. ही मुलगी घरी मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलते, व जादूगारांच्या जाडजूड कादंबऱ्या एका बैठकीत फस्त करते. मध्यंतरी एके दिवशी तिने आम्हांस विचारले, "आजोबा, मंत्र एकच असला, पण म्हणणारा रागात असला, तर तो मंत्र काळा होतो का हो?"

आम्ही वडीलधाऱ्यांचे ठरीव उत्तर दिले. म्हटले, "बाळ, सारे म्हणणाऱ्याच्या मनावर असते. मन चांगले तर विद्या चांगली."

"म्हणजे चांगल्या मनाने काहीही केले तरी चालते?"

ती खेळावयास निघून गेली, पण तिचा प्रश्न काही गेला नाही. त्याचे उत्तर शोधताना आमची जी तारांबळ उडाली ती येथे मांडावी, असे मनात आहे.

प्रथम आम्हांस आमच्या आईची चूल आठवली. तिन्हीसांजेस मूल किरकिर करू लागले की मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन ती त्याच्यावरून उतरी आणि चुलीत टाकी. मिरच्यांचा ठसका लागला नाही की दृष्ट जबर होती म्हणावयाचे. हीही एक जादूच. परंतु तिला कोणी जादूटोणा म्हटल्यास आमच्या आईने त्याला घराबाहेर काढले असते. उलट तिठ्यावर कोणी लिंबू, हळद-कुंकू आणि काळी बाहुली ठेवलेली दिसली की ती करणी, आणि तिला ओलांडावयाचे नाही. वस्तू पाहावयास जावे तर दोन्हीकडे स्वयंपाकघरातल्या किंवा पूजेच्या ताटातल्याच. तेच लिंबू दुकानाच्या दारावर मिरच्यांसह टांगले की रक्षण करते आणि तिठ्यावर पडले की घात करते. ज्या मनाने ते ठेवले त्या मनाचा रंग त्याला चढतो, असा आपल्या समाजाचा जुना समज आहे. तेव्हा मुलीचा प्रश्न परदेशी कादंबऱ्यांतून आला असला तरी मुळात घरचाच आहे.

घरच्याच वाङ्मयात त्याची सर्वांत खोल छाननी झाली आहे ती आदिपर्वातील कचाच्या कथेत. मराठी माणसास ती कथा व्यासांपेक्षा खाडिलकरांमुळे अधिक परिचित. 'संगीत विद्याहरण' १९१३ साली रंगभूमीवर आले, आणि पुढे १९५९ साली खांडेकरांच्या 'ययाति'तून कच पुन्हा घरोघर पोहोचला. नाटकामुळे शुक्राचार्यांचे मद्यपान आपल्या ध्यानात राहिले. आम्हांस मात्र त्या कथेतील विद्येचे वर्तन अधिक विचार करावयास लावते.

संजीवनी ही मेलेल्यास उठविणारी विद्या. तिच्याहून शुभ्र विद्या कोणती असणार? तरी शुक्राचार्य ती वापरतात ती रणात पडलेले दानव उठवून पुन्हा लढावयास धाडण्यासाठी. त्यात करुणा नाही. पक्षाचा अभिमान आहे. देव कचाला ती शिकावयास पाठवितात तेही याच हेतूने. मग दानव कचाला मारतात, आणि देवयानीच्या अश्रूंनी द्रवून बाप तीच विद्या कचासाठी उच्चारतो. आता तिच्यामागे वात्सल्य आहे. तिसऱ्या वेळी दानव कचाची राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. शिष्य पोटात आहे, त्याला उठवावे तर गुरूचे पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या देतात, आणि कच बाहेर येतो.

येथे क्षणभर थांबावे. कच उभा आहे, समोर गुरूचे प्रेत आहे. ज्या कामासाठी तो आला ते सिद्ध झालेले आहे. शत्रुपक्षाचा एकमेव संजीवनीवेत्ता मरून पडला आहे. देवांच्या हिशेबाने पाहिले तर कचाने काही करावयाचेच नाही. नुसते चालू लागावयाचे. कोणास शाप द्यावयाचा नाही, शस्त्र उगारावयाचे नाही. परंतु कच पहिला प्रयोग करतो तो गुरूला उठविण्याचा. साऱ्या कथेत ही विद्या इतकी उजळ अन्यत्र कोठेही दिसत नाही.

आणि मग देवयानी. तिच्या प्रेमाबद्दल शंका घेण्यास जागा नाही. त्या प्रेमानेच कच तीनदा वाचला. तेच प्रेम नाकारले जाताच तिच्या मुखातून शाप निघतो की तुझी विद्या तुला फळणार नाही. तेव्हा प्रेमातून निघाले ते उजळ आणि द्वेषातून निघाले ते काळे, हा सोपा हिशेब येथेच मोडतो. शापावर कचाचे उत्तर असे की, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. म्हणजे भावनेच्या तडाख्याने विद्या माणसापासून तोडता येते. विद्येला मात्र धक्का लागत नाही. (पुढे कचही देवयानीस उलट शाप देतोच. या कथेत निष्कलंक कोणी राहात नाही, हे तिचे मोठेपण.)

आता त्या मुलीच्या कादंबऱ्यांकडे वळू. 'हॅरी पॉटर'च्या २००३ साली निघालेल्या पाचव्या भागात एक प्रसंग आहे. ज्या बाईने आपल्या धर्मपित्यास मारले तिच्यावर तो मुलगा यातनेचा निषिद्ध शाप फेकतो, आणि तो नीट लागत नाही. ती बाई त्याला हिणविते की, नुसत्या न्याय्य क्रोधाने हा शाप चालत नाही. दुसऱ्याला पीडा व्हावी अशी मनापासून इच्छा हवी, त्या पीडेचा आनंद हवा. आम्ही हे वाचले तेव्हा मनात मराठीतलाच शब्द आला, सात्त्विक संताप. संताप तेवढा तमाकडे नेणारा, हा विचार आपल्याला परका आहे. खांबातून प्रकटलेल्या नरसिंहास कोणी काळ्या विद्येच्या खात्यात घातले नाही. इंग्रज लेखिकेलाही तेच सुचले याचा आम्हांस आनंद झाला. तो फार टिकला नाही. २००७ सालच्या शेवटच्या भागात, एका वृद्ध शिक्षिकेचा अपमान झालेला पाहून त्याच मुलाच्या हातून तोच शाप अचूक लागतो, आणि लेखिका त्याला त्याबद्दल जाब विचारीत नाही. आपला नायक म्हटला की काळ्याचे करडे होते, असे म्हणावे काय?

यापेक्षा अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची १९६८ सालची 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. तेथे एक बुद्धिमान पोर, सहाध्यायाने डिवचले म्हणून, मत्सराच्या आणि गर्वाच्या भरात मृतात्म्यास हाक मारते आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. ती सावली नाहीशी होते ती मंत्राने नव्हे. तो तरुण तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो तेव्हा. काळे जे काही होते ते आपलेच होते, असे कबूल करावयाचे.

परंतु या सर्व कादंबऱ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि तीच आमच्या अनुभवाशी जुळत नाही. वाईट करावयास वाईट वाटावे लागते, द्वेष हवा, मत्सर हवा, निदान गर्व तरी हवा, हे ते गृहीत होय. हे वाचकास फार सोयीचे आहे. आपल्या अंतःकरणात तसले काही नाही असे दिसले की आपण निश्चिंत!

आम्ही नोकरीत असतानाची गोष्ट. एका मृत शिपायाच्या विधवेचा कुटुंब-निवृत्तिवेतनाचा कागद आमच्या मेजावर आला. दोन दाखल्यांतील जन्मतारखांत एका वर्षाची तफावत होती. 'खुलासा व्हावा' असा शेरा मारून आम्ही तो परत धाडला. खुलासा आला, त्यावर सही अस्पष्ट होती. दुसरा शेरा मारला. मग आम्ही रजेवर होतो, मग वर्षअखेर होती. अकरा महिन्यांनी ते वेतन मंजूर झाले. मधल्या काळात तिने थोरल्या मुलाचे नाव शाळेतून काढून त्याला एका गॅरेजात लाविले होते, हे आम्हांस पुढे एका कारकुनाकडून बोलता बोलता समजले. त्या बाईविषयी आमच्या मनात द्वेष नव्हता. दयाही नव्हती. खरे सांगावयाचे तर काहीच नव्हते. प्रत्येक शेरा नियमास धरून होता. कादंबरीतला शाप मनापासून दिल्याशिवाय लागत नाही. आमचा शेरा मनापासून मारलेला नव्हता, तरी लागला.

अधिकार हीदेखील एक विद्याच आहे. दोन ओळी लिहून सही करावी आणि शंभर कोसांवर कोणाच्या तरी चुलीत जाळ पेटावा किंवा विझावा, याहून मोठी जादू ती कोणती? तिच्यात रागाने जितके काळे झाले असेल त्याहून अधिक निर्विकारपणाने झाले असेल, अशी आमची अटकळ आहे; आणि या निर्विकारपणाला जादूच्या कथांत फारसे स्थान नाही, कारण त्यात रंगविण्यासारखे काही नसते.

कायदा या बाबतीत कथाकारांपेक्षा शहाणा ठरतो. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे मागितलेला आणि त्यांच्या खुनानंतर निघालेला. कर्नाटकानेही २०१७ साली तशाच स्वरूपाचा कायदा केला. तेथे मांत्रिकाच्या मनात काय होते यावर भर नाही. कोणत्या अमानुष कृत्यांना बंदी, हे एकेक करून लिहिलेले आहे. शरीरास वा गाठीस अपाय न करणारी घरगुती धर्मकृत्ये त्यातून सुटतात. आमच्या आईचे मीठ-मोहऱ्या बहुधा सुटले असते.

आणि आता त्या मुलीचा दुसरा, अवघड प्रश्न. चांगल्या मनाने काहीही केले तर?

आम्ही राहतो ते येलहंका म्हणजे केंपेगौडांच्या घराण्याचे मूळ ठाणे. येथूनच जाऊन पहिल्या केंपेगौडांनी १५३७ साली बेंगळूरचा किल्ला उभारला. त्या किल्ल्याची एक दंतकथा इकडे सर्वांस ठाऊक आहे. दक्षिणेचा दरवाजा बांधावा आणि तो कोसळावा, असे पुनःपुन्हा होऊ लागले. गर्भवती स्त्रीचा बळी हवा, असे सांगण्यात आले. केंपेगौडांनी ते मानले नाही. तेव्हा त्यांची सून लक्ष्मम्मा रात्री एकटीच दरवाजापाशी गेली आणि तिने स्वतःच्या हाताने आपले मस्तक उतरविले. दरवाजा उभा राहिला. कोरमंगल येथे तिच्या स्मरणार्थ मंदिर आहे.

वरच्या सर्व कसोट्या येथे लावून पाहाव्या. तिच्या मनात द्वेष नाही, लोभ नाही. सासऱ्याच्या चिंतेचा भार हलका करावा एवढेच आहे. तिने दुसऱ्याचे रक्त घेतले नाही, स्वतःचे दिले. कोणाही जादूकथेच्या न्यायाने ही विद्या शुभ्रच ठरेल. हॅरी पॉटरची आईसुद्धा मुलासाठी प्राण देते आणि तेच त्याचे कवच होते. तरी एक भेद राहतो. त्या आईसमोर मारेकरी उभा होता, आणि लेखिका त्याला मारेकरीच म्हणते. लक्ष्मम्मेसमोर दरवाजा होता. तिच्या भावनेचा उजेड एवढा प्रखर आहे की त्यात दरवाजाही उजळून निघतो आणि ज्यांनी त्याच्यासाठी गर्भवती मागितली तेही उजळून निघतात. देणाऱ्याच्या प्रेमाने मागणाऱ्याचा हात धुतला जातो काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिला आम्ही नमस्कार करू. मागणी काळी होती ती काळीच राहिली.

कन्नड लोकगीत रचणारांना हे कळले होते असे दिसते. 'केरेगे हार' म्हणून त्यांचे एक विख्यात कथागीत आहे. गौडाने तळे खणले, पाणी लागेना. ज्योतिष्याने थोरल्या सुनेचा बळी सांगितला. परंतु ती गेली तर घरात वडीलकीस कोण, म्हणून धाकट्या भागीरथीवर आले. मनुष्याचा जीव जात असतानाही घराचा मानपान कसा सांभाळला जातो, ते पाहावे. पूजा आटोपून सारे निघतात, सोन्याची वाटी तळ्यात विसरलेली असते, ती आणावयास भागीरथी मागे वळते, आणि पायरीपायरीने पाणी चढते. गीत येथे संपले असते तर तळ्याचा आणि तिच्या त्यागाचा महिमा गाऊन सर्वांना घरी जाता आले असते. पण तिचा नवरा लष्करात असतो. त्याला वाईट स्वप्न पडते, तो घोड्यावरून परत येतो, खरे काय ते त्याला समजते, आणि तोही त्याच पाण्यात उडी टाकतो. गौडाला पाणी मिळते आणि मुलगा जातो. गीताने कोणाची निर्भर्त्सना केलेली नाही. फक्त हे शेवटचे सांगावयाचे टाळलेले नाही.

परवा संध्याकाळी आम्ही त्या मुलीस तळ्याकाठी बसवून दोन्ही गोष्टी सांगितल्या. मंत्र, मन, काळे, पांढरे यांविषयी काही बोललो नाही. भागीरथीच्या नवऱ्याची गोष्ट ऐकून ती गप्प झाली. लक्ष्मम्मेच्या गोष्टीवर मात्र तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "पण आजोबा, दरवाजा सारखा पडत होता, तर त्यांनी दुसरा गवंडी का नाही बोलावला?"

आम्ही म्हटले, "तसे गोष्टीत सांगितलेले नाही."