डिस्चार्जनंतरचा सोळावा दिवस

नाशिकमधली अंबडची औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेलं सिडको ही साधारण एकाच वयाच्या माणसांनी उभी केलेली वस्ती आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खानदेशातून, सटाणा-कळवण-मालेगाव पट्ट्यातून तरुण मुलं आली, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत चिकटली आणि सिडकोच्या योजनांमधली लहान घरं त्यांनी हप्त्यांवर घेतली. संसार वाढला तसा वर मजला चढवला, बाहेरून लोखंडी जिना काढला. तेव्हा पंचविशीत असलेली ती माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत. पंचवटी किंवा जुन्या नाशकात म्हातारपण पिढ्या-पिढ्यांत विखुरलेलं असतं. इथे ते गल्लीच्या गल्लीला एकदमच आलंय.

या लोकांसाठी सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं नाही. उलट इतकं काही केलंय की ते एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला पीएफशी जोडलेली ईपीएस-९५ची पेन्शन सुरू होते. कायद्याने तो ज्येष्ठ नागरिक होतो साठाव्या वर्षी. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये आणि वयोश्री योजनेतले चष्म्या-काठीसाठीचे एकरकमी तीन हजार मिळायला पासष्ट पूर्ण लागतात. उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४पासून आलं, ते सत्तरीनंतर. एसटीचा मोफत प्रवास पंचाहत्तरीनंतर. प्रत्येकाचं वय वेगळं, ऑफिस वेगळं, उत्पन्नाची अट वेगळी. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. ज्याने पंचवीस-तीस वर्षं पीएफ भरला आणि ज्याला अठराशे रुपये पेन्शन बसली, तो सरकारच्या हिशेबात गरीब उरत नाही. २०१४ साली ठरलेल्या किमान एक हजाराच्या पेन्शनवर राज्यभरातले निवृत्त कामगार इतकी वर्षं मोर्चे का काढताहेत, ते यावरून कळावं.

आणखी एक सोय अंबडमध्ये तरी प्रत्येक कारखान्याच्या गेटवर लिहून लावायला हवी होती. निदान पाच वर्षं ईएसआय या कामगार विमा योजनेत राहून त्याच नोकरीतून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला एकशे वीस रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा प्रश्न यात बराचसा सुटतो. पण निवृत्तीच्या दिवशी कंपनी शाल, नारळ आणि घड्याळ देते. हा फॉर्म देत नाही.

तरीही माझा मुद्दा माहितीच्या अभावाचा नाही, किंवा तेवढाच नाही. हे सगळं नीट माहीत असलेल्या घरातसुद्धा एका ठिकाणी रस्ता संपतो. बहात्तर वर्षांच्या बाई मोरीत पाय घसरून पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. सिडकोत हे नवलाचं नाही. फरशी ओली, मोरी अरुंद, धरायला काही नाही. कार्ड आहे, हॉस्पिटल योजनेत आहे, ऑपरेशन होतं, खिशातून फारसं जात नाही. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्याही योजनेत बसतात. इथवर व्यवस्था चोख. आता सोळावा दिवस. बाईंना कूस बदलून द्यावी लागते, तीही दर दोन तासांनी, नाहीतर कमरेखाली जखमा होतात. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, म्हणून कमोडची खुर्ची हवी. ती पलंगाशेजारी मावत नाही. डायपर बदलायचा, अंग पुसायचं, चमच्याने भरवायचं, वॉकर धरून रोज चार पावलं चालवायचं. फिजिओथेरपिस्ट घरी यायला दर फेरीचे पैसे घेतो. मुलगा सकाळच्या शिफ्टला, सून दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला, आणि सासरे स्वतः गुडघ्यांनी बेजार. ऑपरेशनचं बिल भरायला सरकार हजर होतं. कूस बदलायला कोणी नाही. ऑपरेशन उत्तम होऊनही अशी माणसं पुन्हा उभी राहत नाहीत, ती या कारणाने.

मग 'बाई लावायची' ठरते. कोणीतरी ब्युरोचा नंबर देतं. बारा तासांची वेगळी, चोवीस तासांची वेगळी, डायपर असेल तर दर आणखी वेगळा. येणारी मावशी बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या वस्तीतली, स्वतः पन्नाशीकडे झुकलेली, प्रशिक्षण म्हणजे आधीच्या घरी केलेलं काम. तिला पेशंट उचलायची रीत कोणी शिकवलेली नसते, त्यामुळे वर्षभरात तिचीही कंबर जाते. ब्युरो तिच्या पगारातून आपला वाटा कापून घेतो. मावशीने दागिना उचलला तर काय, आणि घरच्यांनी तिला उपाशी ठेवलं तर काय, या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारी जागा नाही. दूधवाल्याच्या मापावर जेवढी देखरेख आहे तेवढीही या धंद्यावर नाही.

वृद्धाश्रमाचं गणित तर उलटंच आहे. १९९५नंतर युती सरकारच्या काळात मातोश्री वृद्धाश्रम निघाले, त्यानंतर खासगीही बरेच निघाले. पण अनेक ठिकाणी प्रवेशाची पहिली अट असते की माणूस स्वतःचं स्वतः करणारा हवा. ज्याला स्वतःचं करता येतं त्याला घर सोडायचं नसतं, आणि ज्याला करता येत नाही त्याला तिथे घेत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांना घेणाऱ्या जागा मोजक्या आहेत, आणि कारखान्यातल्या निवृत्ताला त्या परवडत नाहीत.

कायदा काय करतो? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७चा कायदा चांगल्या हेतूने झाला. प्रांताधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करायचा आणि नव्वद दिवसांत निकाल लागावा, अशी त्याची रचना. पण निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपये. या आकड्यात चोवीस तासांची बाई महिनाभर मिळत नाही. कायद्याचं तेविसावं कलम मात्र सिडकोतल्या प्रत्येक घरमालकाने बक्षीसपत्रावर सही करण्याआधी वाचावं. सांभाळ करण्याच्या अटीवर घर नावावर केलं आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये ही अट सिद्ध व्हायलाच हवी, असं म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सैल केला आणि घराचा ताबा आईला परत मिळवून दिला. शहाणपणाचं हेच की अट दस्तातच लिहावी. 'पोराला काय वाटेल' म्हणून ती लिहिली जात नाही, आणि पुढे पोराला काहीच वाटत नाही.

मात्र या कायद्यात गृहीत धरलेली गोष्ट मला खटकते. मुलं नालायक निघाली, की म्हाताऱ्यांचे हाल होतात, असं तो मानतो. आपली कीर्तनं आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे मजकूरही तेच सांगतात. अंबडमध्ये दिसतं ते निराळं आहे. मुलं नालायक नाहीत, ती कंत्राटी आहेत. बापाला कायमची नोकरी होती, पगारी रजा होती. मुलाने आईसाठी आठ दिवस दांडी मारली तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. मग सुनेने नोकरी सोडायची, हा निर्णय कोणी न घेताच घेतला जातो. घरातला एक पगार त्या दिवशी बंद होतो आणि त्या नुकसानीची नोंद कुठल्याच योजनेच्या खर्चात दिसत नाही. पुढे अंथरुणावरच्या त्या बाईंचा नवरा आधी गेला तर त्यांच्या हाती त्याच्या पेन्शनची निम्मी रक्कम उरते. काळजी घेण्यात आयुष्य गेलेल्या बाईची काळजी सगळ्यात स्वस्तात उरकली जाते, हे कटू वाटेल. पण गल्लीत फिरून बघावं.

जपानने २०००मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला. चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा. माणसाला किती मदत लागते याची पाहणी होऊन पायऱ्या ठरतात, आणि आठवड्याचं वेळापत्रक आखून देणारा एक माणूस त्या घराला मिळतो. तो विमा आपल्याकडे इतक्यात येणार नाही. पण केरळ काही श्रीमंत देश नाही. १९९३मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, ते शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या हातात गेलं, २००८मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींनी घरोघरी नर्स पाठवायला सुरुवात केली. नर्स येते, जखम बघते, कॅथेटर बदलते आणि घरच्या बाईला कूस बदलायला शिकवते. यात महागडं काहीच नाही.

नाशिक महापालिकेने अशी एक नर्स आणि सगळ्या योजनांचे कागद हाताळणारा एक माणूस प्रभागामागे द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. पैसे कुठले, हा प्रश्न येणारच. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाचा निधी कशावर खर्चता येतो त्याची यादी आहे, आणि त्यात ज्येष्ठांसाठीच्या सोयी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. अंबडच्या उद्योजकांची आयमासारखी संघटना आहे. ज्यांच्या कारखान्यांची यंत्रं या पिढीने चालवली, त्यांनी पहिल्या तीन वर्षांचे पगार द्यावेत आणि पुढे महापालिकेने ते अंदाजपत्रकात घ्यावेत. मावशींचं प्रशिक्षण आणि नोंदणी या माणसाच्या टेबलावरच होऊ शकते. जागेचा तर प्रश्नच नाही; ज्येष्ठ नागरिक संघांच्या विरंगुळा केंद्रांत सकाळी पेपर आणि कॅरम चालतो, दुपारी कुलूप असतं. फक्त टेबलावरच्या माणसाने दुपारनंतर बाहेर पडून जिने चढावेत, अशी अट नेमणुकीच्या पत्रातच घालावी. कारण ज्यांना त्याची गरज आहे त्यांना केंद्रापर्यंत येता येत नाही.