चित्र तेच, नाव बदलले



अनोळखी चित्रकारांची जुनी तैलचित्रे जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. असे चित्र हाती आले की जाणकार आधी त्याची मागची बाजू पाहतो. चौकटीचे लाकूड, खिळे तपासतो, सही शोधतो. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याचे कागद मागतो. मोठ्या चित्रकाराचे नाव लागले तर किंमत आकाशाला भिडते, नाही लागले तर चित्र अडगळीत जाते. मग आपण किंमत करतो ती चित्राची की नावाची?

डब्लिन शहरातील एक हकिकत येथे आठवते. तिथल्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या घरात, जेवणाच्या खोलीत एक चित्र टांगलेले होते. यहुदा येशूचे चुंबन घेत आहे आणि शिपाई येशूला धरत आहेत, असा तो प्रसंग. चित्र होंथोर्स्ट या डच चित्रकाराच्या नावावर होते. डॉ. मेरी ली-विल्सन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९३०च्या दशकात ते भेट दिले होते. त्यांचे पती पोलीस अधिकारी होते. १९२० साली त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्या दुःखात येशूसंघीयांनी बाईंना धीर दिला होता. त्याची ही कृतज्ञता.

१९९० साली आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनातील सेर्जिओ बेनेदेत्ती त्या घरातील चित्रे पाहायला गेले आणि या चित्रापाशी थबकले. पुढे चित्र स्वच्छ केले गेले, जुने कागद धुंडाळले गेले. रोमच्या मात्तेई घराण्याच्या हिशेबात जानेवारी १६०३ची नोंद होती: या चित्राचे १२५ स्कुदी दिले. चित्र थोर इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचे ठरले! १९९३ साली ते लोकांसमोर आले.

ही बातमी ऐकून आपल्या मनात काय येते? 'आपल्याही माळ्यावर असे काही निघाले तर!' पण जरा थांबून पाहू. त्या चित्रातला एकही रंग नव्या नावामुळे वाढला नाही. त्याखाली बसून जेवणाऱ्या धर्मगुरूंना येशूचा तो शांत चेहरा आधीही दिसतच होता. आणि ते खरोखरच एखाद्या अनामिकाचे निघाले असते, तर त्या विधवेची कृतज्ञता कमी मोलाची ठरली असती का?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. घेणाऱ्याला मोल कळले आणि विकणाऱ्याला कळले नाही, तर काय करावे? 'त्यानेच भाव सांगितला, मी दिला' असे म्हणून आपण मोकळे होतो. चित्राचे सोडा, जमिनीच्या आणि दागिन्यांच्या व्यवहारातही आपण हेच म्हणतो. पण समोरच्याच्या अज्ञानावर मिळवलेला नफा आपल्या हुशारीचा म्हणता येईल का? बोलायला हवे तेव्हा गप्प राहणे हेही फसवणेच आहे.

डब्लिनचे ते चित्र येशूसंघीयांनी विकले नाही. मालकी त्यांचीच ठेवून ते कलादालनाला बेमुदत दिले. चित्रासोबतच्या नोंदीत काराव्हाज्जोच्या नावाबरोबर डॉ. ली-विल्सन यांच्या औदार्याचीही आठवण ठेवली आहे.

तीस चांदीच्या नाण्यांत ज्याची किंमत केली गेली, त्याचेच ते चित्र आहे. ती किंमत ठरवणाऱ्यांना त्याचे मोल कळले नव्हते. आज आपल्या दारी येणाऱ्या बिननावाच्या माणसाचे मोल आपल्याला कळते का?