विमा दियत देईल, रोजे कोण धरील?



सुट्टीवर आलेल्या, रियाधमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणाने जुम्म्याच्या नमाजनंतर मला विचारले, ‘‘मौलाना, मध्यरात्री रस्ता ओस असतो. लाल दिवा ओलांडला तर गुनाह होतो का? कॅमेऱ्याने टिपले, तर दंड भरतोच. शिवाय गाडीचा विमा आहे.’’

प्रश्न प्रामाणिक होता. सौदी अरबस्तानात लाल दिवा तोडल्यास ३,००० ते ६,००० रियाल दंड होतो. तो भरला की हिशेब मिटला, असे पुष्कळांना वाटते. परंतु सरकारचा हिशेब आणि अल्लाहचा हिशेब एकच आहे काय?

परक्या देशात इकामा आणि वाहन परवाना स्वीकारताना आपण तेथील नियम पाळण्याचे वचन देतो. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानवंतांना करार पूर्ण करण्याचा आदेश आहे. इस्लामी फिकह अकादमीने १९९३ साली ब्रुनेई येथील अधिवेशनात ठराव केला, की शरीअतविरोधी नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे शरीअतच्या दृष्टीनेही अनिवार्य आहे. म्हणजे कॅमेरा नसला, तरी वचन शिल्लक राहतेच.

आता विम्याचा विचार करू. सूरह निसाच्या ९२व्या आयतीत चुकून झालेल्या मनुष्यहत्येचा नियम आहे. इस्लाम अशा माणसाला खुनी म्हणत नाही, त्याच्यावर किसास नाही; तथापि त्याला मोकळेही सोडत नाही. त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. पहिली दियत, म्हणजे वारसांना द्यावयाची भरपाई. दुसरी कफ्फारा: गुलामाची मुक्तता, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. आपल्या चुकीने अपघातात जीव गेला, तर आजचे उलेमा हाच नियम लावतात.

सौदीत मुस्लिम पुरुषाच्या अपघाती मृत्यूची दियत २०११पासून ३,००,००० रियाल आहे. ती विमा कंपनी देऊ शकेल. वारस उदार असतील, तर ते ती माफही करतील. कुरआनने त्यांना तशी मुभा दिली आहे. परंतु कफ्फारा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील विषय आहे. वारसांच्या क्षमेने तो टळत नाही, कंपनीच्या धनादेशाने फिटत नाही. विनाकारण एक रोजा सुटला, तरी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

हे मी सांगितले, तेव्हा तो तरुण स्तब्ध झाला. ‘‘हे मला कोणी सांगितलेच नव्हते,’’ तो म्हणाला.

वाचकहो, विचार करा. मध्यरात्रीच्या त्या ‘ओस’ रस्त्यावर कोण असते? रस्ता झाडणारा बांगलादेशी मजूर, सायकलवरून पाळी संपवून परतणारा केरळी कामगार. तोही आपल्यासारखाच, घरी पैसे धाडण्यासाठी आलेला परदेशी. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे. मग मोटारीतून आपण स्वतःच वाटसरूंना त्रास ठरलो, तर त्या ईमानचे काय?

ही जबाबदारी केवळ चालविणाऱ्याची नव्हे. मुलाने नव्या मोटारीचे छायाचित्र धाडले, की आपण कोकणात बसून माशाअल्लाह म्हणतो. त्याच वेळी हेही विचारावे: परवाना तुझा स्वतःचा आहे ना? विमा चालू आहे ना? तो गाडी चालवीत असताना व्हिडिओ कॉल आला, तर आईने, पत्नीने म्हणावे, ‘‘आधी गाडी थांबव, मग बोल.’’

त्या तरुणाने निघताना दुआ मागावयास सांगितली. मी दुआ केली, आणि त्याला विनंती केली: यापुढे लाल दिव्यापाशी थांबशील, तेव्हा अल्लाहला दिलेले वचन पाळण्याच्या नियतीने थांब. मग तेवढा वेळ थांबणेही, इन्शाअल्लाह, इबादतीत मोजले जाईल.