विकणाऱ्याचे मौन

जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य खरे पाहता दोन गोष्टी विकत घेत असतो. एक, समोर उभे असलेले वाहन. आणि दुसरी, त्या वाहनाचा भूतकाळ. वाहन डोळ्यांना दिसते, चालवून पाहता येते. भूतकाळ मात्र विकणाऱ्यालाच ठाऊक असतो. गाडी कोठे आदळली होती, किती दिवस पाण्यात उभी होती, तिच्यावरील कर्ज फिटले की नाही, हे तो जाणतो. घेणारा जाणत नाही. या विषमतेतूनच एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. समोरच्याने विचारले नाही, तर दोष सांगण्यास आपण बांधील आहोत काय?

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. नोंदणीपत्रावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. त्यावर बँकेच्या कर्जाची नोंद असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि कर्जमुक्तीचा नमुना ३५ मागून घ्यावा. विम्याचे जुने कागद पाहावेत. ‘नो क्लेम बोनस’ एकाएकी नाहीसा झाला असेल, तर अपघाताची भरपाई मागितली होती काय, हे विचारावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. म्हणून तो सर्व्हिसिंगच्या नोंदींशी आणि पेडलच्या झिजलेल्या रबराशी जुळतो का, हे पाहणे शहाणपणाचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई परिसरातील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. पण सीटखालचा गंज, गालिच्याखालचा गाळ, पट्टा पूर्ण ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेघ आणि न जाणारा कुबट वास हे तिचे साक्षीदार असतात. विजेच्या तारांत शिरलेले पाणी तर कित्येक महिन्यांनी आपला गुण दाखवते, आणि तेव्हा आत एखादे कुटुंब बसलेले असते.

इतके सारे तपासणे आपल्याकडे अनेकांना संकोचाचे वाटते. विकणारा जर आपल्याच धर्मग्रामातला, रविवारी मिस्साला शेजारी बसणारा असेल, तर ‘आपल्या माणसाचे कागद काय बघायचे?’ असे म्हणून व्यवहार तोंडी उरकला जातो. तपासणी म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत आहे. ती कितपत बरोबर आहे?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत. विकणाऱ्याला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे. लिलावात तो याविषयी काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’, तर विकणाऱ्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते.

या शेवटच्या उदाहरणात संकोचाचे उत्तर आहे. प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याला चोर ठरवणे नव्हे. खरे बोलण्याची संधी त्याला देणे होय. न विचारता घेतलेली गाडी महिन्याभरात बंद पडली, की मनात संशय शिरतो आणि दोन घरांचे येणेजाणे थांबते. आधी विचारलेला एक प्रश्न हे टाळू शकतो. कागदांची काळजी विकणाऱ्यानेही घ्यावी. गाडी दिली, पण नोंदणीवरील नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

परंतु घेणाऱ्याने विचारलेच नाही, तर? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचा निवाडा मोठा समतोल आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमत त्या प्रमाणात कमी केलेली असेल, तर तो बोलून दाखवण्याची सक्ती नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोचणार असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. दारावरचा ओरखडा न सांगितला तरी चालेल. पुराचे पाणी आणि वाकलेली चासी लपवता येणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. गाडी विकणारा पुष्कळदा नडलेला असतो. घरात आजारपण असते, मुलांची फी भरायची असते. खरे सांगितले तर वीस-तीस हजार कमी येतील. त्याने काय करावे? त्याच्याविषयी सहानुभूती बाळगूनही म्हणावे लागते की ते वीस-तीस हजार त्याचे कधी नव्हतेच. ती त्या दोषाची किंमत आहे, आणि ती न सांगता वसूल करणे म्हणजे आपली नड दुसऱ्या नडलेल्याच्या खांद्यावर ठेवणे. जुनी गाडी घेणारा तरी धनवान कोठे असतो?

आणखी एका व्यक्तीचे यात नुकसान होते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. ज्या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यात या लेखाचे स्थान मोठे आहे. त्यांचे म्हणणे असे : चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती हे कळेनासे झाले, की गिऱ्हाईक सर्वच गाड्यांना मधली किंमत देऊ करते. मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. म्हणजे लबाड मौन घेणाऱ्याला तर लुबाडतेच, पण प्रामाणिक विकणाऱ्याच्याही खिशातून काढून घेते.

कायद्याने दोष सांगण्याचे कर्तव्य मुलीपर्यंत आणून ठेवले, कारण कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. ती रेघ पुढे नेणे हे सदसद्विवेकबुद्धीचे काम आहे. घेणाऱ्याने कागद जरूर तपासावेत. विकणाऱ्याने किल्ली हाती देण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : हीच गाडी माझी मुलगी घेणार असती, तर मी तिला काय सांगितले असते? जे सांगितले असते, ते समोर उभ्या असलेल्या परक्या माणसालाही सांगायला हवे. तोही कोणाच्या तरी मुलीला त्या गाडीतून घरी नेणार आहे.