देखरेख म्हणजे अविश्वास काय?

आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते. मंदिराच्या छपराच्या दुरुस्तीचा हिशेब कोणी मागितला, किंवा वसतिगृहाच्या धान्याची पावती कोणी पाहू म्हटले, की लगेच उत्तर येते, “म्हणजे, आमच्यावर विश्वास नाही काय?” एवढे म्हटले गेले की विचारणारा बहुधा गप्प बसतो. विश्वास हा शब्द आपणां ख्रिस्ती लोकांस इतका जवळचा आहे की त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहिलेले कोणालाच आवडत नाही. पण हा प्रश्न भावनेच्या भरात सोडून देण्याजोगा नाही. आपल्या पुष्कळ संस्था दुसऱ्यांच्या पैशावर चालतात. काही सरकारी अनुदानावर, काही दूरच्या दात्यांच्या देणग्यांवर. तो पैसा घेऊन आपण पुष्कळदा काम पुढे दुसऱ्या कोणाला तरी देतो : एखाद्या लहान संस्थेला, ठेकेदाराला, औषधे वा धान्य पुरविणाऱ्या दुकानदाराला. काम असे पुढे सोपविल्यावर आपली जबाबदारी कोठपर्यंत राहते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहो.

त्यासाठी इंदूर शहरातील एक घटना डोळ्यांसमोर ठेवू. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. मोतीबिंदूमुळे अंध झालेल्या गरीब माणसांस दृष्टी मिळावी हा त्याचा मोठा हेतू. हे काम केवळ सरकारी दवाखान्यांकडून पुरे होण्यासारखे नव्हते. म्हणून धर्मादाय नेत्ररुग्णालयांना सोबत घेण्यात आले आणि शस्त्रक्रियेमागे ठराविक रक्कम अनुदान म्हणून देण्याची पद्धत पडली. या सहकार्याने लक्षावधी लोकांना पुन्हा दिसू लागले, ही गोष्ट प्रथम कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये याच कार्यक्रमाखाली इंदूरच्या ‘इंदूर आय हॉस्पिटल’मध्ये काही रुग्णांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डोळ्यांत संसर्ग झाला आणि अकराजणांना त्या डोळ्याने दिसेनासे झाले. सरकारने चौकशी नेमली, चेन्नईचे तज्ज्ञ बोलाविले, काही रुग्णांना उपचारांसाठी तिकडे पाठविले, नुकसानभरपाई जाहीर केली. पण मन अस्वस्थ करणारी गोष्ट याहून निराळी आहे. त्याच रुग्णालयात डिसेंबर २०१० मध्येही अशाच शस्त्रक्रियांनंतर अनेकांची दृष्टी गेली होती. शस्त्रक्रिया त्या वेळी थांबविण्यात आल्या आणि पुढे पुन्हा सुरू झाल्या.

याचा अर्थ धर्मादाय संस्था वाईट आणि सरकारी दवाखाने चांगले, असा कोणी काढू नये. नोव्हेंबर २०१५ मध्ये इंदूरपासून फार दूर नसलेल्या बडवानी येथे सरकारी जिल्हा रुग्णालयातच नेत्रशिबिर झाले आणि चाळीसहून अधिक माणसांनी दृष्टी गमावली. तेथे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा धुण्यासाठी वापरलेल्या द्रवाविषयी संशय व्यक्त झाला. म्हणजे एकीकडे प्रश्न सोबत घेतलेल्या संस्थेचा, तर दुसरीकडे बाहेरून विकत आणलेल्या मालाचा.

आता या कामाची साखळी पाहा. पैसा दिल्लीहून निघतो, भोपाळला येतो, तेथून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून रुग्णालयाला. रुग्णालय शिबिर भरविते, गावोगावचे रुग्ण गोळा करून आणते, भिंग आणि औषधे पुरवठादाराकडून घेते. प्रत्येक कडीवर एकजण सही करतो, आणि ती सही बहुधा मागच्या माणसाने पाठविलेल्या कागदाच्या आधारावर होते. किती शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचा आकडा वरपर्यंत जातो. पट्टी सोडल्यावर किती जणांना दिसू लागले, महिन्याने त्यांची काय स्थिती होती, हे तितक्या सहजपणे वर जात नाही. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला मात्र ही साखळी दिसतच नाही. त्याला दिसतो तो फक्त शेवटचा हात. तो हात चुकला तर दिल्ली, भोपाळ आणि जिल्हा मिळून त्याच्या डोळ्याचे काय देणे लागतात?

व्यवहारात आपण असे समजतो की पैसा जसा वाटला जातो तशी जबाबदारीही वाटली जाते. शंभर रुपयांतले ऐंशी पुढे दिले म्हणजे जबाबदारीचेही ऐंशी भाग पुढे गेले. आम्हांस हे मान्य नाही. पैसा पुढे दिला की आपल्याकडे कमी होतो. जबाबदारीचे तसे होत नाही. ज्याने वचन दिले त्याच्याकडे ती पुरी राहते आणि ज्याने काम स्वीकारले त्याच्यावरही ती पुरी येते. आई मुलाला शेजारणीच्या हाती सोपवून बाजारात जाते, म्हणून ती आई असण्याचे थांबत नाही. शेजारीण चांगली आहे ना, घरात विहीर उघडी नाही ना, हे तिने पाहिलेच पाहिजे. तसे पाहिल्याने शेजारणीचा अपमान होतो असे कोणी म्हणत नाही.

येथे कोणी पवित्र शास्त्राचा आधार घेऊन हरकत घेईल. योवाश राजाच्या वेळी मंदिराची दुरुस्ती झाली तेव्हा कामकऱ्यांना पैसे वाटणाऱ्या माणसांकडून हिशेब घेतला नाही, कारण ती माणसे प्रामाणिकपणे वागत, असे २ राजे १२ व्या अध्यायात सांगितले आहे. हिशेब टाळणाऱ्यांना हा भाग फार आवडतो. पण तो अध्याय आरंभापासून वाचावा. अगोदर राजाने ते काम नुसत्या विश्वासाने याजकांकडे सोपविले होते, आणि राज्याच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची भगदाडे तशीच होती. तेव्हा राजाने याजकांना बोलावून जाब विचारला. मग झाकणाला भोक असलेली पेटी वेदीजवळ ठेवण्यात आली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत, आणि मगच ते काम पाहणाऱ्यांच्या हाती देत. एवढी व्यवस्था झाल्यावर सुतार व गवंडी यांच्या मजुरीचा बारीक हिशेब मागण्याची गरज उरली नाही.

या गोष्टीतून आम्हांस दोन बोध मिळतात. पहिला असा की राजाची नजर प्रथम भिंतीकडे गेली. भगदाड बुजले की नाही, हा त्याचा प्रश्न होता. दुसरा असा की त्याने तपासणी योग्य ठिकाणी ठेवली. जेथे पैसा एकाच्या हाती पडून नाहीसा होऊ शकतो तेथे दोन माणसे बसविली. जेथे काम उघड्यावर सर्वांना दिसत होते तेथे हात मोकळा ठेवला. सर्वांवर सारखाच संशय धरणे ही देखरेख नव्हे, आणि सर्वांना सारखेच मोकळे सोडणे हा विश्वास नव्हे.

पौलाचे उदाहरणही असेच आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमविलेली रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू त्याने आपणहून सोबत घेतले, म्हणजे कोणाला दोष लावण्यास जागा राहू नये. येथे देखरेख मागणारा स्वतः पौलच आहे. आम्हांस तर वाटते की चांगल्या कारभाऱ्याची हीच खूण. “मला तपासा” असे तो आपणच म्हणतो, कारण तपासणीमुळे त्याचे ओझे हलके होते आणि उद्या कोणी कुजबुज केली तर त्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार तयार असतो.

सरकारी नियमांत देखरेखीची व्यवस्था मुळीच नाही असे नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदान घेणाऱ्या संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावयाचे असते, आणि तिचे हिशेब तपासणीसाठी खुले ठेवावयाचे असतात. ज्या संस्थांचा खर्च मोठ्या प्रमाणावर सरकारी पैशातून चालतो त्यांचे हिशेब १९७१ च्या कायद्यान्वये नियंत्रक व महालेखापरीक्षकांना तपासता येतात. अनुदानाच्या मंजुरीपत्रांत तर पुष्कळदा अशी अट असते की हे काम परस्पर दुसऱ्या संस्थेकडे देऊ नये.

पण कागद पूर्ण असला म्हणजे काम पूर्ण झाले असे नाही. याचाही धडा इंदूरनेच दिला आहे. एप्रिल २०२४ मध्ये तेथील महानगरपालिकेत खोट्या बिलांचे प्रकरण उघडकीस आले. जमिनीखालच्या गटारांची कामे झालीच नव्हती, तरी सुमारे २८ कोटी रुपयांची बिले पाच ठेकेदार कंपन्यांच्या नावे दाखल झाली होती, असा आरोप ठेवून पोलिसांत तक्रार नोंदली गेली. पुढे तपासात हा आकडा वाढत गेला. २०१७ पासून स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या शहरातली ही गोष्ट! कागद टेबलावरून टेबलावर फिरला. गटार खणले आहे की नाही हे रस्त्यावर जाऊन पाहण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती.

मग सोपविणेच बंद करावे काय? हा मार्ग सोपा दिसतो. परदेशी देणग्यांच्या बाबतीत कायद्याने तो घेतलाही आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. निधीच्या गैरवापराचे कारण त्या वेळी देण्यात आले. पण ज्या लहान संस्था स्वतः दिल्लीपर्यंत किंवा परदेशापर्यंत पोहोचू शकत नाहीत, मोठ्या संस्थेच्या हातूनच ज्यांना मदत मिळे, त्यांचा दरवाजा त्यामुळे बंद झाला. दुर्गम पाड्यावरचे काम तेथल्या माणसांशिवाय होत नाही. म्हणून सोपविणे हे चालू राहिलेच पाहिजे; आणि ते चालू राहावे असे ज्याला वाटते त्याने देखरेखीचा कंटाळा करून चालणार नाही.

देखरेखीची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. काम देणाऱ्याने घेणाऱ्याला तपासावे, हे ठीक. पण देणाऱ्याने स्वतःलाही काही विचारावे. आपण जे काम मागतो त्याला पुरेल इतके पैसे देतो काय? ते वेळेवर देतो काय? हप्ता आठ महिने अडवून ठेवावयाचा आणि मार्चअखेर सगळा खर्च दाखवा म्हणावयाचे, तर लहान संस्थेला खोटे लिहिण्याच्या मोहात आपणच ढकलतो. सर्वांत स्वस्त निविदा डोळे मिटून स्वीकारावयाची आणि मग माल हलका निघाला म्हणून दुकानदाराला शिव्या द्यावयाच्या, यातही न्याय नाही. जेथे निर्जंतुक औषधावर माणसाचा डोळा अवलंबून आहे तेथे दर ठरविणाराही त्या डोळ्याला जबाबदार आहे.

आपल्या लहानशा कारभारात हे कसे आणावे? शब्बाथशाळेच्या सहलीची बस असो, मंडळीच्या दवाखान्याची औषधे असोत की वसतिगृहाचे बांधकाम असो, काही साध्या सवयी लावून घेता येतील. काम देण्यापूर्वी जागा आणि माणूस प्रत्यक्ष पाहावा. काय द्यावयाचे, काय करून घ्यावयाचे, हे दोघांच्या समजेल अशा भाषेत लिहून ठेवावे. पंचकमिटीतील कोणाचा नातेवाईक ठेकेदार असेल तर ते सभेत आधी सांगावे आणि त्या सभासदाने त्या निर्णयापासून दूर राहावे. न पाहिलेल्या कामावर सही करू नये, मग आणणारा कितीही ओळखीचा असो. पैसे मोजण्यास नेहमी दोघे असावेत. लहान संस्थेचा हिशेबनीस नवखा असेल तर त्याला दटावण्यापूर्वी शिकवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखळीच्या शेवटी असलेल्या माणसाला विचारावे. वसतिगृहातल्या मुलाला विचारावे की काल रात्री काय जेवलास. रुग्णाला विचारावे की आता दिसते काय. त्याचे उत्तर उपयोगिता प्रमाणपत्रात लिहिण्यास रकाना नसतो. म्हणून ते आपणच लिहून ठेवावे आणि सभेत वाचून दाखवावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. योवाश राजाच्या पेटीची गोष्ट मुलांना शिकविताना पेटीचे चित्र काढून थांबू नये. पेटीजवळ दोन माणसे का उभी होती, आणि त्यांपैकी कोणालाही त्याचा राग का आला नाही, हे मुलांनाच विचारावे. जी मुले आज याचे उत्तर शोधतील तीच उद्या आपल्या शाळा आणि दवाखाने चालविणार आहेत. त्यांच्याकडे कोणी हिशेब मागितला तर त्यांनी रागावून विश्वासाची आठवण करून देण्याऐवजी वही उघडून पुढे करावी, इतके जरी साधले तरी आपल्या संस्थांचे पुष्कळ भले होईल.