गाळण्यातला डोळा

पाणी गाळून प्यावं आणि गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडावेत, ही जिवाणीची रीत आपल्या सासू-आजेसासूंनी पाळली. आमच्या गुंजीसारख्या खेड्यात ते रोजचंच काम. पण गाळण्यात असतं कोण?

एक असतो सायक्लॉप्स. जेमतेम मिलिमीटरभर. डोक्यावर मधोमध एकच डोळा, म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचं नाव त्याला पडलं. या डोळ्याला आपला चेहरा दिसत नाही. उजेड कुठून येतो तेवढं कळतं. समुद्रातल्या एका किड्याच्या पिल्लाचा डोळा तर दोनच पेशींचा: एक उजेड टिपणारी, दुसरी आडोसा करणारी. डार्विननं १८५९ साली हेच मांडलं, की डोळा एकदम घडला नाही; प्रत्येक पायरी त्या त्या जिवाच्या उपयोगाची होती. म्हणजे अर्धवट डोळा असं काही नसतंच. सायक्लॉप्स अपुरा नाही, आपल्यापुरता पुरा आहे.

कुणी म्हणेल, एकेंद्रिय ते पंचेंद्रिय हे आपल्या शास्त्रात होतंच की! मला तसं म्हणवत नाही. शास्त्र सांगतं, कुणाला किती इंद्रियं. डार्विन सांगतो, ती आली कशी. आणि ती आली मरणातून. ज्यांना उजेड-सावली कमी कळली ते आधी खाल्ले गेले, त्यांची पिल्लं कमी उरली. मग निसर्गच असा, तर आपण गाळणं कशाला धरायचं?

माझं उत्तर साधं आहे. निसर्गाला हेतू नाही, म्हणून त्याला पापही नाही. आपल्याला मात्र कळतं. तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेफिकिरीला, आधी धरतं, ते यासाठीच. ज्याला दिसतं त्याच्यावरच जबाबदारी येते.

नारूचा रोग या सायक्लॉप्समधूनच माणसात येई. गावोगावी कापडानं पाणी गाळायला शिकवलं गेलं. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. गाळण्यानं माणूस वाचला. पण आपल्या रीतीचा दुसरा अर्धा भाग, परत सोडणं, तो केवळ त्या जिवासाठी होता. त्यात आपला काहीच फायदा नव्हता.

आता घरोघरी फिल्टर आलेत. यंत्र गाळतं, परत सोडत नाही. बायांनो, धर्म नेमका त्या दुसऱ्या अर्ध्यातच होता, नाही का?